दस्तऐवजाचा पत्ता टिकावा कसा?

कोणताही शासन निर्णय उघडला की आरंभीच ‘वाचा’ या शब्दाखाली पूर्वीच्या निर्णयांची व परिपत्रकांची यादी आढळते. विभाग, क्रमांक आणि दिनांक या तीन खुणांनी प्रत्येक कागद तेथे ओळखला जातो. कार्यालयीन कामकाजात या यादीस मोठे महत्त्व आहे. आजचा आदेश कोणत्या आधारावर काढला गेला, पूर्वीचा कोणता आदेश अधिक्रमित झाला आणि कोणता अद्याप लागू आहे, हे तिच्यावरूनच समजते. संदर्भातील कागद मिळाला नाही तर आदेशाचा अर्थ अपुरा राहतो आणि पुष्कळदा त्याची अंमलबजावणीही अडते.

गेल्या दोन-तीन दशकांत हे कागद कपाटातून संगणकाच्या पडद्यावर आले आहेत. शिष्यवृत्तीची पात्रता पाहणारे मुख्याध्यापक, ग्रामसभेपुढे योजनेचे निकष मांडणारे सरपंच आणि अपिलावर निर्णय देणारे अधिकारी हे सर्वच आता संकेतस्थळावरील दस्तऐवजांचा आधार घेतात. संदर्भ देताना क्रमांकाबरोबर दुवाही दिला जातो. तो दुवा दाबल्यावर ‘पान सापडले नाही’ एवढाच मजकूर उमटला, तर दस्तऐवज कोठेतरी सुरक्षित असूनही वाचकाच्या दृष्टीने तो हरवलेलाच असतो. असे का घडते आणि मोठ्या प्रमाणावर दस्तऐवज प्रसिद्ध करणाऱ्या संस्था ते टाळण्यासाठी कोणती व्यवस्था ठेवतात, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

पत्त्याची घडण

वेबवरील पत्त्यास ‘यूआरएल’ असे म्हणतात. त्याचे नियम डिसेंबर १९९४ मध्ये प्रथम मानक म्हणून प्रसिद्ध झाले आणि जानेवारी २००५ मध्ये त्यांचे सुधारित रूप निघाले. या पत्त्याचे मुख्यतः चार भाग पडतात. पहिला भाग संदेशवहनाची पद्धत सांगतो. दुसरा भाग संकेतस्थळाचे नाव, म्हणजे ‘डोमेन’ सांगतो. तिसरा भाग त्या स्थळावरील दस्तऐवजाचा मार्ग दाखवतो. तिरक्या रेघांनी तोडलेले शब्द ते हेच. चौथा भाग ‘हॅश’ चिन्हानंतर येतो आणि लांब दस्तऐवजातील एखाद्या विशिष्ट परिच्छेदाकडे बोट दाखवतो.

या पद्धतीचे जनक टिम बर्नर्स-ली हे होत. जिनीव्हा येथील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत काम करीत असता त्यांनी १९८९ साली वेबचा प्रस्ताव मांडला. त्यांच्या रचनेतील एक गोष्ट येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. वेबवरील दुवा एकतर्फी असतो. कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता, दुसऱ्याच्या पानाकडे दुवा देऊ शकतो. आणि ज्याच्या पानाकडे दुवा दिला आहे, त्याला त्याची वार्ताही नसते. या मोकळिकीमुळेच वेबचा प्रसार इतक्या झपाट्याने झाला. परंतु तिची किंमतही आहे. पान हलविणाऱ्यास आपल्यावर कोण विसंबून आहे हे कळत नाही आणि विसंबून असणाऱ्यास पान हलल्याचे कळत नाही. दोघांमध्ये निरोप नेणारी कोणतीही आपोआप चालणारी व्यवस्था नाही. मागितलेले पान सापडत नसल्यास सर्व्हर केवळ ४०४ हा क्रमांक परत करतो.

दुवे किती तुटतात?

हा प्रश्न किरकोळ नाही, हे काही पाहण्यांवरून दिसून आले आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. त्याच पाहणीत तपासलेल्या अमेरिकी शासकीय पानांपैकी २१ टक्के पानांवर किमान एक तरी तुटलेला दुवा आढळला.

हार्वर्ड विद्यापीठातील विधी अभ्यासकांनी २०१३-१४ मध्ये केलेला अभ्यास याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत संदर्भ म्हणून दिलेल्या वेब पत्त्यांपैकी सुमारे निम्मे पत्ते मूळ माहितीपर्यंत पोहोचवीत नव्हते. हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. निकाल कायम राहतो. परंतु तो ज्या आधारावर दिला तो आधार तपासणे पुढील पिढीस शक्य होत नाही. येथे दोन दोष वेगळे ओळखले पाहिजेत. काही ठिकाणी पान उघडतच नाही. अन्य ठिकाणी पान उघडते, परंतु मधल्या काळात त्यावरील मजकूर बदललेला असतो. दुसरा दोष अधिक फसवा आहे, कारण वाचकास त्याची शंकाही येत नाही.

पत्ते बदलतात ते का?

बर्नर्स-ली यांनी १९९८ साली या विषयावर एक टिपण लिहिले होते. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसेच ते बदलतात, हे त्याचे सार होय. पत्त्यात काय घालू नये, याचेही मार्गदर्शन त्यात केले आहे. लेखकाचे नाव, दस्तऐवजाची तात्पुरती स्थिती, वापरलेल्या संगणक प्रणालीचे चिन्ह, धारिकेच्या प्रकाराचे शेपूट, साठवणुकीच्या जागेचे नाव या सर्व गोष्टी कालांतराने बदलतात. त्या पत्त्यात गुंफल्या की त्यांच्याबरोबर पत्ताही बदलावा लागतो.

कार्यालयांच्या बाबतीत हे सहज समजण्यासारखे आहे. एखाद्या दस्तऐवजाचा पत्ता कार्यासनाच्या नावावरून तयार केला आणि पुढे कार्यासनांची पुनर्रचना झाली, तर पत्ता चुकीचा ठरतो. ‘मसुदा’ हा शब्द पत्त्यात राहिला आणि मसुदा अंतिम झाला, तरी तसेच होते. ‘नवीन’ या शब्दाचे तर काही वर्षांत हसे होते. याउलट प्रसिद्धीचा दिनांक कधी बदलत नाही. म्हणून साल, महिना आणि अनुक्रमांक यांवरून बांधलेला पत्ता दीर्घकाळ टिकतो. आपल्या जावक नोंदवहीतील क्रमांकाचे तत्त्व हेच आहे.

नावाने जोडणे, जागेने नव्हे

मराठी विश्वकोशाचा कोणताही खंड चाळणाऱ्यास नोंदीत मध्येच बाणाचे चिन्ह आणि त्यापुढे दुसऱ्या नोंदीचे शीर्षक दिसते. तेथे पृष्ठक्रमांक दिलेला नसतो. दुसरी नोंद कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आली तरी अकारविल्हे शोधून ती मिळते. संदर्भ नावाने दिला, जागेने दिला नाही, म्हणून तो टिकतो. आधुनिक दस्तऐवज प्रकाशन प्रणालींचे सूत्र हेच आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणून ‘पायथन’ या संगणक भाषेच्या मार्गदर्शिकेकडे पाहता येईल. हजारो पानांची ही मार्गदर्शिका जगभरातील विद्यार्थी व अभियंते वापरतात. तिच्यासाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी तयार केलेली ‘स्फिंक्स’ ही प्रणाली २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लेखक दुसऱ्या पानाचा पूर्ण पत्ता लिहीत नाही. ज्या विभागाकडे दुवा द्यावयाचा, त्या विभागास एक खूणनाव दिलेले असते आणि लेखक केवळ ते खूणनाव लिहितो. प्रकाशनाच्या वेळी प्रणाली सर्व खूणनावांची यादी जमविते, प्रत्येकाचा त्या वेळचा पत्ता शोधते आणि दुवे स्वतः भरते. एखादा विभाग दुसऱ्या प्रकरणात हलविला तरी त्याचे खूणनाव तेच राहते, त्यामुळे दुवे आपोआप नव्या जागी वळतात. अस्तित्वात नसलेले खूणनाव कोणी लिहिले असल्यास प्रसिद्धीपूर्वीच इशारा मिळतो. बाहेरील संकेतस्थळांकडे दिलेले दुवे एकेक करून तपासण्याची सोयही या प्रणालीत आहे.

शीर्षकांबाबत मात्र सावधगिरी हवी. अनेक प्रणाली परिच्छेदाच्या शीर्षकावरूनच त्याचा ‘हॅश’ नंतरचा पत्ता तयार करतात. उद्या कोणी ‘पात्रता’ हे शीर्षक बदलून ‘पात्रतेच्या अटी’ असे केले, तर त्या परिच्छेदाकडे दिलेले सर्व जुने दुवे निकामी होतात. पान उघडते, पण नेमकी जागा सापडत नाही. पत्त्याचा हा भाग सर्व्हरपर्यंत पोहोचतच नसल्यामुळे सर्व्हरवरील कोणत्याही व्यवस्थेने तो दुरुस्त करता येत नाही. यास्तव महत्त्वाच्या परिच्छेदांना शीर्षकापासून स्वतंत्र असे खूणनाव प्रथमच देऊन ठेवणे हिताचे असते.

आवृत्तीचा पत्ता आणि अद्ययावत पत्ता

नियम बदलतात, दरपत्रके बदलतात, अर्जाचे नमुनेही बदलतात. अशा दस्तऐवजाचा पत्ता एकच ठेवावा की प्रत्येक आवृत्तीस वेगळा द्यावा, हा प्रश्न उपस्थित होतो. पायथनच्या मार्गदर्शिकेने दोन्ही प्रकारांची सोय केली आहे. एक पत्ता नेहमी तिसऱ्या मालिकेच्या चालू आवृत्तीकडे नेतो. त्याचबरोबर त्या मालिकेतील प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र पत्ताही कायम ठेवलेला आहे. या भाषेच्या दुसऱ्या मालिकेस १ जानेवारी २०२० पासून पाठबळ मिळणे बंद झाले, तरीही तिची मार्गदर्शिका तिच्या पत्त्यावर वाचावयास मिळते. जुन्या प्रणालीवर काम करणाऱ्यास ती आजही लागते.

मार्गदर्शिका प्रसिद्ध करून देणारी ‘रीड द डॉक्स’ ही सेवा २०१० मध्ये सुरू झाली. तिच्या नेहमीच्या पत्त्यात आधी भाषा आणि नंतर आवृत्ती असा क्रम असतो. त्यामुळे एकाच दस्तऐवजाच्या निरनिराळ्या भाषांतील आणि आवृत्त्यांतील प्रती एकमेकींत मिसळत नाहीत. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत माहिती देणाऱ्या कार्यालयांना हा क्रम अनुकरणीय वाटावा.

यावरून एक साधा नियम निघतो. नागरिकाने आज काय करावे हे सांगावयाचे असेल तेव्हा अद्ययावत पत्त्याचा दुवा द्यावा. एखादा निर्णय कोणत्या आधारावर घेतला गेला हे सांगावयाचे असेल तेव्हा त्या विशिष्ट आवृत्तीच्या पत्त्याचा दुवा द्यावा. अपिलात हा भेद निर्णायक ठरू शकतो. अर्ज केला त्या दिवशी लागू असलेला निकष कोणता, हे केवळ चालू आवृत्ती पाहून सिद्ध करता येत नाही.

जुन्या-नव्याचा तक्ता

इतकी काळजी घेऊनही काही वेळा पत्ते बदलावेच लागतात. अशा वेळी करावयाची तजवीज ग्रामीण महाराष्ट्रास परिचित आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये अनेक गावांत जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर, असा प्रसंग वारंवार येतो. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला हे दाखविणारा अभिलेख जेथे नीट राखला आहे तेथे हक्क शाबीत करता येतो. जेथे तो मिळत नाही तेथे खातेदारास कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

संकेतस्थळाच्या स्थलांतरातही असाच तक्ता लागतो. त्यास ‘पुनर्निर्देशन’ म्हणतात. जुना पत्ता मागितला गेला की सर्व्हर नवा पत्ता कळवितो आणि वाचक आपोआप तेथे पोहोचतो. स्थलांतर कायमचे असल्यास ३०१ हा संकेत दिला जातो, तात्पुरते असल्यास ३०२ दिला जातो. दस्तऐवज हेतुपुरस्सर काढून टाकला असल्यास ४१० हा संकेत आहे. विकिपीडियावर एखाद्या पानाचे शीर्षक बदलले की जुन्या शीर्षकावर सामान्यतः पुनर्निर्देशन आपोआप राहते. ‘रीड द डॉक्स’ सेवेनेही २०१६ साली मार्गदर्शिकांसाठी वेगळे डोमेन स्वीकारले तेव्हा जुन्या पत्त्यांवर येणाऱ्या वाचकांना नव्या पत्त्यांवर वळविण्याची व्यवस्था केली.

या तक्त्याबाबत तीन चुका सर्रास आढळतात. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळविणे, ही पहिली. परिपत्रक शोधणाऱ्यास मुखपृष्ठावर सोडणे म्हणजे सातबारा मागणाऱ्यास गावाच्या वेशीवर आणून सोडण्यासारखे आहे. पुनर्निर्देशनांची साखळी वाढू देणे, ही दुसरी चूक होय. प्रत्येक स्थलांतरानंतर जुन्या तक्त्यातील नोंदी थेट अंतिम पत्त्याकडे वळविल्या पाहिजेत. तिसरी चूक सर्वांत महागात पडते. संकेतस्थळाचे काम नव्या कंत्राटदाराकडे जाते आणि जुना तक्ता जुन्या सर्व्हरबरोबर नष्ट होतो.

क्रमांक आणि पत्ता यांची फारकत

पत्ता कितीही जपला तरी तो जागेशी निगडित असतो. म्हणून विद्वत्प्रकाशनाच्या क्षेत्रात दस्तऐवजाला पत्त्याहून वेगळा, कायमचा क्रमांक देण्याची प्रथा रूढ झाली. ‘डीओआय’ या नावाने ओळखला जाणारा क्रमांक २००० सालापासून संशोधन निबंधांना दिला जाऊ लागला. निबंध एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी क्रमांक बदलत नाही; मध्यवर्ती नोंदवहीत त्यापुढील पत्ता तेवढा बदलला जातो. अर्थात ती नोंद वेळेवर बदलणारा कोणीतरी असावाच लागतो. क्रमांक स्वतःहून काही करीत नाही.

आपल्या शासन निर्णयांच्या शेवटी, तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केल्याचे नमूद करून त्याचा अंकी संकेतांक छापलेला असतो. हा संकेतांक म्हणजे याच तत्त्वाचा आविष्कार होय. संकेतस्थळाची मांडणी बदलली तरी संकेतांकाने निर्णय शोधता येतो. म्हणूनच पत्रव्यवहारात केवळ दुवा चिकटवून न थांबता विभाग, क्रमांक, दिनांक आणि संकेतांक या चारही गोष्टी लिहाव्यात. दुवा तुटला तरी उरलेल्या खुणांनी कागद सापडतो.

अंकी संकेतांकाचा आणखी एक लाभ आहे. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध झाले असून आपल्या लिपीत पत्ता असणे अभिमानाचेच आहे. तथापि पत्त्याच्या मार्गात देवनागरी शब्द असल्यास संदेशवहनात प्रत्येक देवनागरी चिन्हामागे नऊ रोमन चिन्हे व अंक खर्ची पडतात. ‘मराठी’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने पाच चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची पंचेचाळीस होतात. असा लांबलचक पत्ता भ्रमणध्वनीवरील संदेशातून पाठविताना मध्येच तुटतो आणि कागदावर छापला तर हाताने टंकित करणे अशक्य होते. तेव्हा शीर्षक मराठीत, सविस्तर आणि स्पष्ट असावे. पत्ता मात्र आखूड आणि शक्यतो अंकी असावा.

कार्यालयांनी करावयाची तजवीज

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख सूचिबद्ध ठेवणे आणि विहित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये प्रथम निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही तुटलेले दुवे शोधून काढण्याची यंत्रणा असावी, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी कोणत्याही कार्यालयास, मोठा खर्च न करता, करता येण्यासारख्या आहेत.

१. प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक दस्तऐवजाची पत्ता नोंदवही ठेवावी. तीत शीर्षक, क्रमांक, दिनांक, पत्ता आणि पत्ता बदलल्यास जुना पत्ता व बदलाचा दिनांक नोंदवावा.

२. अधिक्रमित झालेला दस्तऐवज काढून टाकू नये. त्यावर ठळकपणे तसे नमूद करावे आणि नव्या दस्तऐवजाचा दुवा द्यावा.

३. दुरुस्त प्रत जुन्या प्रतीच्या जागी गुपचूप ठेवू नये. शुद्धिपत्रक वेगळे काढण्याची आपली जुनी शिस्त येथेही पाळावी.

४. संकेतस्थळाच्या नूतनीकरणाच्या करारात जुन्या-नव्या पत्त्यांचा पूर्ण तक्ता कार्यालयाच्या स्वाधीन करण्याची आणि डोमेन कार्यालयाच्याच नावावर राहण्याची अट घालावी.

५. महिन्यातून एकदा सर्व दुव्यांची तपासणी करावी. ४०४ या संकेताची जी नोंद सर्व्हर ठेवतो तीही पाहावी. कोणता जुना पत्ता लोक अद्याप मागत आहेत हे तीवरून कळते.

६. बाहेरील संकेतस्थळाचा आधार घेतला असल्यास त्या पानाची प्रत नस्तीत ठेवावी. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेचा वेब संग्रह २००१ पासून सर्वांस खुला आहे. त्यात सार्वजनिक पानाची दिनांकासह प्रत जतन करता येते.

शाळा आणि ग्रामपंचायतींना स्वतःची प्रकाशन प्रणाली नसली तरी यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतात. ग्रामसभेच्या ठरावात एखाद्या योजनेचा दुवा दिला तर शेजारी निर्णयाचा क्रमांक व दिनांक लिहावा आणि निर्णयाची छापील प्रत ठरावास जोडावी. सूचना फलकावर लावलेला पत्ता दर काही महिन्यांनी स्वतः उघडून पाहावा.

अभिलेख कक्षात ‘अ’ वर्गातील कागद कायम जतन करावयाचे असतात, हे प्रत्येक कर्मचाऱ्यास सेवेच्या आरंभीच शिकविले जाते. गठ्ठ्यावरील चिठ्ठी फाटली तर ती त्याच दिवशी बदलली जाते, कारण चिठ्ठीविना गठ्ठा सापडत नाही. संकेतस्थळावरील पत्ता ही त्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी आहे. तंत्र नवे असले तरी कर्तव्य जुनेच आहे आणि ते पार पाडण्यास लागणारी नोंदीची शिस्त आपल्या कार्यालयांस नवी नाही. आज छापलेला दुवा वीस वर्षांनी एखाद्या निवृत्त शिक्षकाने वा शेतकऱ्याच्या मुलाने उघडला आणि तो त्याला हव्या त्या कागदापर्यंत घेऊन गेला, तर ती शिस्त सार्थकी लागली असे म्हणता येईल.